तिसऱ्या मजल्यावरची जीभ

चांगलं वाइनचं दुकान कशाला म्हणावं, यावर त्या गल्लीत जितकी तोंडं तितकी मतं होती. घाऊक व्यापारी म्हणायचा, दिवे झगझगीत हवेत. शेजारचा दंतवैद्य म्हणायचा, दुकानदार कमी बोलणारा हवा. दुकानदाराच्या बायकोचं मत असं, की जे दुकान वेळेवर बंद होतं ते चांगलं. आणि स्वतः दुकानदार, ज्याला सगळी गल्ली बूचकाका म्हणायची, तो छाती पुढे काढून सांगायचा, "जीभ हवी, जीभ! दुकान जिभेवर चालतं. बाकी सगळं लाकूड आणि काच."

आता हे तो सांगायचा खरा, पण ती जीभ त्याच्याकडे नव्हती. म्हणजे बोलायला होती, आणि चांगली हातभर होती. वाइनच्या बाबतीत मात्र तो अगदीच ठोंब्या. डोळे उघडे असले, तर लाल कुठली आणि पांढरी कुठली हे तो बिनचूक ओळखायचा. एकदा बायकोनं त्याचे डोळे बांधून हातात गार झालेल्या कोऱ्या चहाचा पेला दिला. बूचकाकानं तो तोंडात घोळवला, मान हलवली आणि म्हणाला, "जरा तुरट आहे, पण दोन वर्षं ठेवली तर उतरेल." बायको आठवडाभर हसत होती.

दुकान वडिलांच्या हातचं. रस्त्यावरून बघितलं तर दाराएवढंच रुंद, पण आत शिरलं की लांबत लांबत जायचं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर आडव्या निजवलेल्या बाटल्या, कारण बाटली उभी ठेवली की बूच सुकतं, आणि बूच सुकलं की हवा आत शिरून वाइन आंबते. ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीची काच आतून रंगवलेली. मागे अकरा पायऱ्यांचं तळघर. कष्टांत बूचकाका कुणाला हार जाणारा नव्हता. रोज सकाळी तळघरातला तापमापक बघायचा, कोरड्या फडक्यानं एकेक बाटली पुसायचा, ओल्या फडक्याला हातही लावायचा नाही, कारण लेबलं निघतात. उघडलेल्या प्रत्येक बाटलीचं बूच तो शर्टाच्या खिशात टाकायचा आणि विसरायचा. बायकोला धुण्यात ती तरंगताना सापडायची. नाव त्यावरूनच पडलेलं.

जीभ होती ती त्याच्या ताईकडे. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. बारा वर्षांची असताना वडील लेबल झाकून पेल्यात घोटभर ओतायचे, आणि ताई तो नुसता हुंगून विचारायची, "बाबा, या वर्षी तिकडे पाऊस लांबला होता का?" लांबलेला असायचा. वडिलांना कोण कौतुक! पण दुकानाची किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "मुलगी काय, आज इथे, उद्या तिथे." आणि किल्ली मुलाच्या हातात ठेवली. ताई काही 'तिथे' गेली नाही. तिनं लग्न केलं नाही, टपाल कचेरीत नोकरी धरली आणि दुकानासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. वडिलांमागे एकोणीस वर्षं, रोज कचेरीतून सुटली की ती दुकानात यायची, नमुन्याच्या बाटल्या हुंगायची आणि कुठली घ्यायची, कुठली परत पाठवायची ते सांगायची. दुकान नावारूपाला आलं ते असं. निवडायची ताई आणि मिरवायचा धाकटा.

मिरवता मिरवता एक दिवस त्यानं हद्द केली. शनिवारची भरगच्च वेळ होती. कुणी तरी बडं गिऱ्हाईक म्हणालं, "वा! निवड कुणाची हो ही?" आणि बूचकाका सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आमच्या वडिलांची जीभ माझ्याकडे आली, दुसरं काय!"

ताई तीन हातांवर पेला घेऊन उभी होती. तिनं पेला खाली ठेवला. हात पुसले. तिच्याजवळची दुकानाची दुसरी किल्ली गल्ल्याशेजारी ठेवली आणि दारात जाऊन एवढंच बोलली, "मी बोलावल्याशिवाय माझा जिना चढायचा नाही."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली, आणि तिनं काही बोलावलं नाही.

आपण माती खाल्ली हे बूचकाकाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. उद्या सकाळीच जाऊन पाय धरू, असं त्यानं ठरवलं. सकाळी लाज वाटली. मग म्हणाला, रविवारी जाऊ. माफी ही भाकरीसारखी आहे, गरम असते तेव्हाच तुटते, शिळी झाली की दातांना लागते. वर्ष गेलं, दोन गेली. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी रोज उघडायची, रोज मिटायची, आणि हा खाली बाटल्या पुसत तिकडे चोरून बघायचा. ताईवाचून दुकानाची कळा गेली. व्यापारी गोड बोलून काहीही गळ्यात मारायचा, आणि गिऱ्हाइकं एकेक करून पांगली.

अशी सात वर्षं गेली, आणि एका शनिवारी इस्त्रीवाली आली. समोरच्या इमारतीत जिन्याखाली तिची खोली होती, सगळ्या मजल्यांचे कपडे तिच्याकडे. लेक माहेरपणाला यायची होती म्हणून तिनं एक साधीशी बाटली नेली. पुढच्या शनिवारी ती अर्धी भरलेली बाटली घेऊन परत आली आणि चाचरत म्हणाली, "दादा, राग मानू नका. बाई म्हणाल्या, हिला वास येतोय. टॉवेल ओला असतानाच घडी घालून कपाटात ठेवला की येतो ना, तसा."

बूचकाकानं हुंगून बघितलं. त्याला छान वास आला. तरी त्यानं ती बाटली व्यापाऱ्याकडे पाठवली, आणि चौथ्या दिवशी व्यापारी स्वतः कान धरत आला. बूच खराब निघालं होतं, सगळं खोकंच बदलून द्यावं लागलं. खराब बुचाचा वाइनला लागलेला हा वास भल्याभल्यांना कळत नाही. बूचकाकाच्या अंगावर काटा आला. या गल्लीत असं नाक एकच! आणि इस्त्रीवाली कपडे कुणाकुणाचे करते? तिसऱ्या मजल्याचेसुद्धा!

"ताई आहे," तो बायकोला म्हणाला. "सरळ बोलवत नाही, पण निरोप धाडलाय."

"मग विचारा ना तिला, बाई म्हणजे कोण ते."

"वेडी आहेस का? विचारलं की ताईला कळणार, मला कळलंय म्हणून. मग ती बंदच करेल."

त्या दिवसापासून नवाच शिरस्ता पडला. व्यापाऱ्यांकडून आलेल्या नमुन्यांपैकी एकेकाची औषधाच्या बाटलीएवढी कुपी भरून बूचकाका इस्त्रीवालीच्या हाती द्यायचा. "बाईंना द्या हं." पुढच्या शनिवारी निकाल यायचा, आणि तो वहीत शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा. बाई म्हणाल्या, ही खळ जास्त झालेल्या कॉलरसारखी आहे, गळ्याला लागते. बाई म्हणाल्या, ही पहिल्या धुण्यालाच रंग सोडणारी, वरवरची आहे. बाई म्हणाल्या, ही घ्या, जुना सुती सदरा असतो तशी आहे, अंगाला बिलगते.

"अहो," बायको वही वाचून म्हणाली, "वन्सं आणि कॉलर? वन्संना आयुष्यात खळ कशाशी खातात ते माहीत नाही."

"तुला नाही कळायचं. ताईची भाषा आता मुरलीय."

इतकंच कशाला, निरोपांमधून तो स्वतःसाठीही अर्थ काढू लागला. एकदा इस्त्रीवाली म्हणाली, "बाई म्हणाल्या, ही आधी कडक वाटते, पण जरा दम धरला की मऊ पडते." बूचकाकाला वाटलं, आता आठ-पंधरा दिवसांत बोलावणं आलंच! तो सबंध रविवार शीळ घालत हिंडला. बोलावणं आलं नाही, तरी दुकान मात्र पुन्हा उभं राहिलं. निवडलेल्या बाटल्यांच्या गळ्यात तो स्वतःच्या हातानं चिठ्ठी बांधायचा, 'ताईची पसंती'. आपल्या परीनं तो चूक फेडत होता. अशी दोन वर्षं गेली.

मग एका शनिवारी इस्त्रीवाली आलीच नाही. पुढच्याही शनिवारी नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी त्यानं जाऊन बघितलं, तर जिन्याखालच्या खोलीला कुलूप. वर ताईची खिडकीही अजून बंद. ताई आजारी असेल. पडली असेल. कदाचित... पुढचं त्याला मनातसुद्धा म्हणवेना.

"जाऊन बघा आधी," बायको म्हणाली.

"तिनं बोलावलेलं नाही."

"मग दोन वर्षं काय करत होत्या, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे?"

ती दम धरल्यावर मऊ पडणारी बाटली त्यानं काखेत मारली आणि रस्ता ओलांडला. तिन्ही मजले तो एका दमात चढला आणि दार ठोठावेपर्यंत दम संपला.

ताईनं दार उघडलं. केस पांढरे झाले होते, हातात काठी होती, चष्मा कपाळावर. बाकी धडधाकट.

"तू?"

"ताई, तू... तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

त्याला इतकं हायसं वाटलं की तोंडाचा बांधच फुटला. "तीन आठवडे निरोप नाही, मला वाटलं, काय झालं असेल. अगं, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, ओल्या टॉवेलच्या वासावरून! म्हटलं, हे नाक दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नाही. दोन वर्षांतला तुझा प्रत्येक शब्द वहीत आहे माझ्या. ती खळीची कॉलर, तो सुती सदरा, ते पहिल्या धुण्याला..."

पत्ता नसलेलं पार्सल हातात यावं तशी ताई त्याच्याकडे बघत होती. "कसले निरोप?"

"वाइनचे. इस्त्रीवालीच्या हाती तू धाडायचीस ते."

"मी चार वर्षांत थेंब घेतलेला नाही. डॉक्टरांनी बंद केलीय, गोळ्या चालू आहेत."

"मग कॉलर कुणाची? आणि खळ? टॉवेल, सदरा..." बोलता बोलता बूचकाकाचं बोलणं प्रथमच त्याच्या स्वतःच्या कानांवर पडलं. तो थांबला. त्याचा चेहरा बघून ताई आधी गालात आणि मग दाराला टेकून मोठ्यानं हसली.

"अरे गाढवा, ती इस्त्रीवालीच! लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, आज दुपारी परत यायचीय. माझे कपडे पडून आहेत तिच्याकडे." तिनं डोळे पुसले. "म्हणजे दोन वर्षं तिच्या नाकावर दुकान चालवलंस. आणि तिला काय दिलंस?"

"तिला नाही... म्हणजे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या मी. 'ताईची पसंती' अशा."

ताईचं हसू गेलं. "आधी माझी जीभ स्वतःच्या नावावर खपवलीस. आता तिची माझ्या नावावर. एकदा तरी माल ज्याचा त्याच्या नावावर विकता येतो का रे तुला?"

बूचकाका जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. बाटली मांडीवर, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाप्याच्या डोळ्यांतून पाणी. निवड ताईची नाही, निरोप ताईचे नाहीत, म्हणजे ताईनं आपल्याला कधी हाक मारलीच नव्हती, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. आपल्या घराबाहेर कुणाला नाक असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्याचीही लाज वाटत होती.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं होतं. यायला नऊ वर्षं लागली."

ताईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाली, "हे जिन्यात काय सांगतोस? खोटं बोललास ते दुकानात, भरल्या गिऱ्हाइकांत."

"आज शनिवार आहे, ताई. दुकान भरलेलं असेल."

"मग तर बरंच," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

उतरताना बूचकाकानं हात पुढे केला. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिनं तो धरला नाही. त्यानंतर गुडघा ऐकेना, म्हणून धरला.

दुकानात पाऊल ठेवलं तर आत सात-आठ माणसं. बायको कुणाला तरी बाटली बांधून देत होती. तिनं दाराकडे बघितलं, "अगंबाई, वन्सं!" म्हणाली, आणि कागदी पिशवी हातातून गळून पडली. तिनं धावत जाऊन वरच्या फळीसाठीचं उंच स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि ताईला बसवलं. ताईनं काठी गुडघ्यावर आडवी ठेवली आणि भावाकडे बघितलं.

दार बंद करून घ्यावं, सांगावं, आज दुकान लवकर मिटतंय, असं एकदा बूचकाकाच्या मनात आलं. मग तो घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, जरा ऐका. नऊ वर्षांपूर्वी याच जागी मी म्हणालो होतो, की आमच्या वडिलांची जीभ माझ्याकडे आली. ते खोटं होतं. जीभ हिच्याकडे आली. माझ्याकडे नुसती किल्ली आली."

दंतवैद्य म्हणाला, "ते तर आम्हाला केव्हापासून माहितीय. तुमच्या जिभेवर विसंबून इथे येतोय कोण? बरं, ती मागच्या आठवड्यातली लाल उरलीय का?"

सगळे हसले, ताईही हसली. ज्या अर्ध्या मिनिटाच्या धाकानं त्यानं नऊ वर्षं घालवली, ते होऊन गेलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बूचकाका दिङ्मूढ होऊन लाल बाटली शोधायला वळला.

तेवढ्यात इस्त्रीवाली आली, प्रवासाची पिशवी खांद्यावर आणि रिकामी कुपी हातात. "दादा, नात झाली मला! गुटगुटीत आहे अगदी. आणि ती मागची पांढरी आहे ना, बाई म्हणाल्या..." इतक्यात तिला स्टुलावरची ताई दिसली आणि शब्द तिथेच अडकले.

"बोल की," ताई म्हणाली. "काय म्हणाल्या बाई? मलाही ऐकू दे."

इस्त्रीवालीचा चेहरा लालेलाल झाला. कुपी तिनं पदरात लपवायला बघितली. "चुकलं माझं, बाई. तुमचं नाव नव्हतं घेतलं मी, शपथ. ती पहिली बाटली परत आणली ना, तेव्हा 'मला वाटतं' म्हणणार होते. तोंडातून 'बाई म्हणाल्या' असं निघालं. इस्त्रीवालीचं नाक कोण विचारतो? आणि दादांनी लगेच वही काढली. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. मग काय, सोडवेना."

ताईला हसता आलं नाही. असं दुसऱ्याच्या आडून बोलणं म्हणजे काय, हे तिनं एकोणीस वर्षं भोगलं होतं.

"पण मावशी, तुम्हाला हे कळतं कसं?" बूचकाकानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्यात काय कळायचंय? गरम इस्त्री टेकली की कपडा सगळं सांगतो. कोण घामेजून आलं, कुणी उन्हात नीट वाळवलं नाही, कुणाच्या कपाटाला ओल धरलीय. तीस वर्षं वाफच तर हुंगतेय मी."

ताई काठीनं फळीकडे दाखवत म्हणाली, "धाकट्या, आज आलेला नमुना उघड बघू. दोन पेले घे."

त्यानं ओतलं. ताईनं पेला फक्त नाकाशी धरला, तोंडाला लावला नाही. इस्त्रीवालीनं आधी हुंगलं, मग बेतानं घोट घेतला. दोघींनी एकाच वेळी नाकं मुरडली.

"बूच," ताई म्हणाली.

"टॉवेल," इस्त्रीवाली म्हणाली.

बूचकाकानं घाईघाईनं पेला उचलून हुंगला. "मला तर छान वाटतेय."

त्यावर दोघींनी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अगदी सख्ख्या बहिणींची नजर होती. दंतवैद्यानं हातातली लाल बाटली मुकाट्यानं इस्त्रीवालीपुढे धरली. "हिचं काय म्हणणं आहे, मावशी?" त्याच्यामागे आणखी दोघं रांगेत उभे राहिले. इस्त्रीवालीनं एकदा ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली. मग ती जरा ताठ झाली आणि म्हणाली, "मला वाटतं..." आणि बूचकाकानं वही काढली.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं. बूचकाकानं सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, एकतीस भरल्या. आता नव्या कुणाच्या नावानं लिहायच्या, हे त्यानं स्वतः न ठरवता इस्त्रीवालीला विचारलं. ती म्हणाली, विचार करून सांगते, एवढी घाई काय आहे? ताई काठी टेकत उठली. बायको तिला चहासाठी थांबवत होती, पण गोळ्यांची वेळ झाली होती.

बूचकाका दारापर्यंत गेला. माफ केलंस का, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं, पण धीर झाला नाही. तो म्हणाला, "ताई, उद्या येशील?"

"उद्या रविवार. दुकान बंद असतं. एवढंही लक्षात राहत नाही का तुझ्या?"

"हो, नाही, म्हणजे..."

"सोमवारी येईन. आणि ते स्टूल मला नको, त्यावर गुडघा आखडतो. पाठीची खुर्ची आण एक."

"आणतो," तो म्हणाला.

ताई पायरी उतरली आणि थांबली. मागे वळून तिनं आत बघितलं. इस्त्रीवाली भिंतीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. दुपारपासून उभीच होती.

"एक नको," ताई म्हणाली. "दोन आण."